राज्य कोणावर?

विमलताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते आणि आतल्या खोलीत बासरी वाजत होती. तीच ती धून, मग ढोलावर थाप, मग परत तीच धून. वाजवणारा कोणी माणूस नव्हता. विमलताईंच्या कॉम्प्युटरवरचा खेळ होता तो, त्या इस्पितळात गेल्या त्या दिवसापासून तसाच चालू राहिलेला. राहुल, माझा मुलगा, फोनवर म्हणाला, "आई, आत्या गेली." मी "बरं" म्हटलं. असं ऐकल्यावर माणूस रडतो, खाली बसतो, काहीतरी करतो. माझ्या मनात काय यावं, तर आता ह्या दूताला उत्तर कोण देणार... मेथीची जुडी हातात तशीच घेऊन मी आत गेले आणि पडद्यावरच्या त्या दाढीवाल्या दूताकडे बघत उभी राहिले. तोही माझ्याकडे बघत होता, हात जोडून, पापण्या मिचकावत. विमलताई त्याला उभा ठेवून निघून गेल्या होत्या. सरकारी नोकरीत जन्म काढलेल्या बाईला लोकांना ताटकळत ठेवायची सवय असते हे मला माहीत होतं, पण म्हणून कायमचं?

तर हे सगळं जरा नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारी काय बरळते आहे.

विमलताई माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. माझं माहेर आणि सासर दोन्ही दर्यापूरच्या बाजूचं, अमरावती जिल्ह्यातलं. मी लग्न होऊन दिल्लीला आले तेव्हा आर. के. पुरमला दोन खोल्यांचा सरकारी क्वार्टर होता, आणि मी अजून गॅस पेटवायला शिकत होते तोवर विमलताई स्टेनोची परीक्षा पास होऊन ट्रंक घेऊन दारात उभ्या. त्या दिवसापासून आम्ही दोघी एकाच छपराखाली. त्यांनी लग्न केलं नाही. का नाही केलं असं कोणी विचारलं की म्हणायच्या, "फाइल चालू आहे." मी सातवीपर्यंत शिकलेली, त्या इंग्रजीत शॉर्टहँड घेणाऱ्या. पण मला वाचायची गोडी होती, तेव्हा त्यांनी आणलेली मासिकं, पेपर, अगदी भेळेच्या पुडीचा कागदसुद्धा मी वाचून काढायची, आणि अडलं की त्यांना विचारायची. सांगायच्या, पण असं सांगायच्या की दुसऱ्यांदा विचारू नये.

आम्ही एकमेकींना कायम "तुम्ही" म्हणत आलो. भांडतानासुद्धा. "तुम्ही वेड्या झाल्या आहात काय, विमलताई?" "वेड्या तुम्ही, वहिनी." आमची खालची शेजारीण, तिला मराठी ओ की ठो कळत नसे, पण तेवढा "तुम्ही" तिनं पकडला होता. म्हणायची, आप दोनों इतनी तमीज़ से कैसे लड़ लेती हैं. तमीज कसली डोंबलाची. सवय होती. नणंद-भावजयीत "तू" यायला दोघींपैकी एकीनं आधी म्हणावं लागतं, आणि ते आधी कोणी म्हणायचं ह्यात आमचे केस पांढरे झाले.

हे गेले, विमलताई रिटायर झाल्या, राहुल लग्नानंतर गुडगावला राहायला गेला आणि द्वारकेच्या ह्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी उरलो. राहुलनं त्याचा जुना कॉम्प्युटर इथंच टाकला होता. विमलताई म्हणाल्या, उगाच धूळ खातो आहे, मी ह्यावर टायपिंग करत जाईन, बोटं मोकळी राहतील. टायपिंग किती केलं ते त्यांनाच ठाऊक. त्यात राहुलनं कॉलेजात असताना टाकलेला एक खेळ निघाला, आणि आमच्या घराची जी वाट लागायची ती तिथून लागली.

खेळ जुन्या काळातला. म्हणजे खेळ तर जुना होताच, पण त्यातलं जगही फार जुनं, हजारो वर्षांपूर्वीचं. नाईल नदीपासून आपल्या गंगेपर्यंतचा नकाशा. सुरुवातीला तुम्हाला एक वस्ती मिळते, चार झोपड्या आणि एक बैलजोडी. मग एकेक चाल करत वस्तीचं गाव करायचं, गावाचं नगर, नगरांचं राज्य. शेतं, कोठारं, रस्ते, सैन्य, हत्ती. आजूबाजूला दुसरे राजे असतात, त्यांच्या चाली कॉम्प्युटर करतो. तुम्ही तुमची चाल केली की ते त्यांची करतात. आणि तुम्ही चाल केलीच नाही, तर सगळं जग जिथल्या तिथं थांबून राहतं. शेतातला माणूस विळा उचलून तसाच. हे शेवटचं जरा लक्षात असू द्या.

पहिल्या महिन्यातली गोष्ट. राहुल रविवारी आला होता. विमलताई पडद्यावरून मान न वळवता म्हणाल्या, "बस रे, माझ्यावर राज्य आहे." राहुल हसला. पोरगा दिल्लीत वाढलेला, घरात मराठी बोलतो पण ती आर. के. पुरमच्या मैदानावर धुऊन निघालेली. म्हणाला, "आत्या, माझ्यावर नाही. 'माझं राज्य' म्हणतात. मेरा राज्य." आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. आता ह्याला काय सांगावं. आम्ही लहानपणी शिवाशिवी खेळायचो तेव्हा ज्याच्यावर डाव येईल त्याच्यावर "राज्य" असायचं. बाकीचे पळणार, लपणार, वाकुल्या दाखवणार, आणि राज्य असलेल्यानं एकट्यानं सगळ्यांच्या मागे धावायचं. कोणाला तरी शिवलं की राज्य त्याच्यावर, आपण सुटलो. ह्या पोरानं दिल्लीत "डेन" आणि "बारी" म्हणत खेळ खेळलेले, त्याला हे राज्य कुठून माहीत असणार. विमलताई म्हणाल्या, "नाही रे बापा. राज्य आपलं नसते. राज्य आपल्यावर असते." आणि परत त्या कोठारात गहू किती आहेत ते बघायला लागल्या.

अगदी तशाच खेळायच्याही. म्हणजे मला तर वाटायचं, खेळतात कसल्या, राबतात. त्या नगरातल्या लोकांच्या डोक्यावर खेळ तोंडं दाखवतो, खूश असले तर हसरं, नाराज असले तर लाल. एका गल्लीत एक लाल तोंड दिसलं की ह्यांचं जेवण गेलं. मी पोळी तव्यावर टाकून हाक मारायची, "विमलताई, चला." आतून आवाज यायचा, "टॅम्प्लीज." शाळेतली पोरं पळता पळता दम लागला की मूठ तोंडाशी नेऊन ओरडायची ना, टॅम्प्लीज, म्हणजे आता मला कोणी शिवायचं नाही, तसं. पिकल्या केसांची बाई, पेन्शन घेणारी, आणि टॅम्प्लीज. मी चिडायची. "पोळी गार होते आहे, तिला सांगा टॅम्प्लीज." दोनदा दूध उतू गेलं, एकदा कुकरची रबर जळली, आणि प्रत्येक वेळी कारण एकच, वहिनी, तिकडे दुष्काळ पडला होता. त्यांच्या दुष्काळापायी माझी डाळ करपली. हे मी गमतीत सांगत नाही, मी खरंच फार वैतागत होते. घरात बोलायला एक माणूस, आणि ते माणूस कुठल्या तरी हजारो वर्षांपूर्वीच्या गव्हात तोंड घालून बसलेलं.

नगरांना नावं आपणच द्यायची असत. पहिल्याचं ठेवलं दर्यापूर. ते ठीक. पुढची नावं सुचेनात तेव्हा सेक्टर तीन, सेक्टर चार, सेक्टर सात. आर. के. पुरममधून बाई बाहेर पडली, पण आर. के. पुरम बाईमधून नाही. मी स्वयंपाकघरात असताना ऐकू यायचं, "सेक्टर चारनं बंड केलं, वहिनी." "का केलं?" "पाणी पोचलं नाही." "मग आपल्या वेळच्या सेक्टर चारनंही करायला पाहिजे होतं." यावर मात्र हसायच्या, खुर्ची हलेपर्यंत.

पाणी म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. दुसरा कोणी खेळला तर आधी सैन्य करेल, बाजार करेल. ह्यांच्या आधी विहिरी. इकडे विहीर, तिकडे विहीर, चार घरं झाली की विहीर. राहुलनं एकदा बाजूला बसून समजावून सांगितलं. "आत्या, इतके विहीर कशाला? एका विहिरीचं पाणी पूर्ण मोहल्ल्याला जातं. फुकट खर्च." विमलताई म्हणाल्या, "जात असंल. पण सगळ्यांना भरू देतात काय, ते तुझ्या खेळात लिहिलं आहे?" राहुलला हे ऐकून माहीत आहे, खांद्यावर माहीत नाही. आमची वस्ती गावाच्या बाहेर, नाल्याच्या अंगाला. गावच्या विहिरीवर आमची बादली चालत नव्हती, कोणी वरून ओतलं तर ओतलं. गावात आम्हाला कोणी शिवायचं नाही, आणि खेळात तर शिवल्याशिवाय राज्य उतरायचं नाही, म्हणून आम्ही पोरी आमच्या आमच्यातच खेळायचो. विमलताईंचं तसंच, माझं तसंच. आम्ही ह्यावर कधी बसून बोललो नाही. काय बोलायचं... दोघींनाही माहीत असलेली गोष्ट.

पण ह्या सगळ्या राजवैभवात एक गोष्ट अशी होती की मला बघवत नसे. विमलताई भिंत बांधायच्या नाहीत. नगराभोवती तटबंदीची भिंत बांधायची सोय त्या खेळात आहे, त्यासाठी एक चित्र आहे, दाबलं की बांधकाम सुरू. सगळे राजे बांधतात. ह्यांची नगरं मात्र उघडी. मग काय, चार चाली झाल्या की कोणीतरी घोड्यावरून येणार, कोठार लुटून जाणार. बाई परत शून्यापासून गहू पेरणार. मला खेळातलं काही कळत नव्हतं असं समजू नका. पलीकडे बसून मटार सोलता सोलता माणूस सगळं शिकतो. मी म्हणायची, "विमलताई, भिंत बांधा." "बघू." "बघू काय? मागल्याच आठवड्यात लुटलं ना तुम्हाला." "विचाराधीन आहे." दर वेळी हेच. पुढं पुढं तर मी खोलीत पाय ठेवला की त्याच म्हणायच्या, "भिंतीचं सोडून बोला."

आणि त्यांची ती कचेरी. दुसऱ्या राजाचा दूत निरोप घेऊन आला की खेळ थांबतो. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, तोवर पुढं काही चालत नाही, खेळ जतनसुद्धा करता येत नाही. विमलताई दूताला बघून आधी चहा ठेवायला उठायच्या. "राहू द्या उभा. आलेल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर दिलं की समोरच्याला वाटते आपल्याकडे काम नाही." तास तास तो बिचारा हात जोडून उभा, आणि ही बाई माझ्याशी भाजीच्या भावावर बोलते आहे. मी म्हणायची, "त्याला काय ते सांगून टाका आणि तो खेळ बंद करा." "वहिनी, घाईत दिलेलं उत्तर ऑडिटमध्ये अडकते." लढाई त्यांनी स्वतःहून एकदाही केली नाही. गावाकडून पाहुणे आले की त्यांना पानिपत बघायचं असायचं, आम्ही घेऊन जायचो. पाहुणे लढाईच्या जागी उभे राहून गंभीर व्हायचे, आणि विमलताई मला कोपरानं ढोसून बाजाराकडे न्यायच्या. तिथल्या चादरी त्यांना फार आवडत. म्हणायच्या, "एवढी माणसं मेली तिथं आता चादरी विणतात, हे मला पटते." त्यातलीच एक निळी चादर चौघडी करून त्यांनी त्या खुर्चीवर घातली होती. बसून बसून मधोमध खळगा पडला होता तिला.

आता जे सांगते ते सांगताना माझं अजून डोकं तापतं. त्यांचे पाय सुजायला लागले. दोन जिने चढल्या की दम लागायचा. डॉक्टरांनी हृदयाची तपासणी करून घ्या म्हणून सांगितलं, राहुलनं वेळ घेतली, तर म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात सेक्टर सातला रोगराई होती. मी म्हटलं, "तिथल्या रोगराईला तुम्ही वैद्य पाठवता, आणि तुम्हाला डॉक्टरकडे जायला होत नाही?" "त्यांच्यावर राज्य नाही आहे, वहिनी, माझ्यावर आहे." "मग राज्य उतरवा ना व, कोणावर तरी." "कोणावर उतरवू? तुम्ही घेता?" मी म्हटलं, मला नाही तुमची नसती उठाठेव घ्यायची. माझं मागणं एवढंच होतं की ह्या बाईनं त्या खुर्चीतून उठावं. रागावून पाहिलं, गोड बोलून पाहिलं, राहुलकडून फोन करवले. सून, प्रीती, ती आपली इथलीच, पंजाबी, तिनंही सांगून पाहिलं, "बुआजी, एक बार दिखा लो." तिलाही हेच, "हाँ हाँ बेटा, अंडर कन्सिडरेशन है." माणसानं भिंतीबद्दल विचाराधीन म्हणावं, स्वतःच्या जिवाबद्दल म्हणू नये. इतकी साधी गोष्ट, आणि शिकलेल्या बाईला कळत नव्हती. कळत होती, ऐकायची नव्हती.

शेवटी सकाळी सकाळी खुर्चीतच घामाघूम झाल्या. नेमका तेव्हाच पडद्यावर दूत आलेला. मी शेजारच्यांना गाडी काढायला सांगितलं, त्यांचा हात धरला, तर दारातून मागं वळून म्हणतात, "बंद करू नका. हा उभा आहे तोवर जतन होत नाही. सगळं जाईल." मी म्हटलं, "जाऊ द्या." "वहिनी." असं म्हटलं त्यांनी, नुसतं वहिनी, आणि मी म्हटलं बरं, नाही करत बंद.

मग इस्पितळ. तिथलं सांगत नाही, ज्यानं बघितलं त्याला माहीत आहे. राहुल औषधाच्या आणि कागदांच्या मागे धावत होता, प्रीती डबे आणत होती, आणि मी घर आणि इस्पितळ करत होते. घरी आले की आधी त्या खोलीत. बासरी चालू, दूत उभा. मधेच एकदा लाइट गेली, पण इन्व्हर्टरनं धरून ठेवलं. मी पंखे, फ्रीज, सगळं बंद केलं आणि तो एक कॉम्प्युटर तेवढा चालू ठेवला, लाइट परत येईपर्यंत तिथंच स्टुलावर बसून. मला स्वतःचाच राग येत होता. माणूस तिकडे नळ्यांत, आणि मी इकडे खोट्या गव्हाची राखण करते आहे. पण त्या परत येतील तेव्हा सगळं जसंच्या तसं पाहिजे, एवढं एकच माझ्या हातात होतं.

शेवटच्या भेटीत तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मला बघून त्यांनी तो बोटानं जरा उचलला. "चालू आहे?" "आहे. लाइट गेली होती तरी राखलं." मान हलवली. मी म्हटलं, "पण त्या मेल्याला उत्तर काय द्यायचं ते सांगून ठेवा. दर्यापूर मागतो आहे तो. देऊन टाकायचं की नाही म्हणायचं? हो की नाही, एवढं सांगा, मी दाबते, राहुल जतन करेल, आणि तुम्ही निवांत बऱ्या व्हा." त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत ती जुनी लबाडी, ऑफिसातून येताना पिशवीत जिलेबी लपवून आणायच्या तेव्हाची. हात उचलला, सुई टोचलेला तो हात, आणि माझ्या दंडाला हळूच थाप मारली. म्हणाल्या, "तुझ्यावर राज्य."

नर्स आली, मास्क नीट लावला, मला बाहेर जायला सांगितलं.

बाहेर बाकावर बसून मी इतकी चिडले होते की काय सांगू. साधा प्रश्न, हो की नाही. त्याचं उत्तर द्यायचं सोडून चेष्टा. घरी पोचेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं की त्या "तू" म्हणाल्या. खेळात कोणी तुम्ही म्हणत नाही, तुमच्यावर राज्य असं कोणी ओरडलेलं मी ऐकलेलं नाही, तेव्हा तो खेळातला तू असेल. किंवा नसेल... मी ठरवलं होतं, त्या घरी आल्या की मीही एकदा म्हणून बघायचं. विमल, जेवायला चल. मनात दोन-तीनदा म्हणूनही बघितलं होतं. मग तो फोन आला.

अंत्यसंस्कार झाले, विहारातली माणसं आली, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. त्यांच्या ऑफिसातल्या जुन्या मैत्रिणी आल्या, चांगलं बोलल्या. सगळ्यांनी सांगितलं, किती शिस्तीची बाई, किती अभ्यासू. मी ऐकत होते आणि आतून येणारी बासरी कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून खोलीचं दार लावून घेतलं होतं. पाहुणे गेल्यावर राहुलनं दार उघडलं. "आई, हे अजून चालू आहे?" म्हणत त्यानं बटणाकडे हात नेला. मी म्हटलं, "हात लावू नको." त्यानं एकदा माझ्याकडे, एकदा पडद्याकडे बघितलं. आत्याच्या खुर्चीत तो बसला नाही, उभ्यानंच वाचलं. "आधी ह्याला जवाब द्यावा लागेल, मग सेव्ह होईल. काय सांगू? यस की नो?" मी म्हटलं, विचाराधीन आहे. राहुल हसायला लागला आणि हसता हसता त्याला रडू आलं, आणि मग आम्ही मायलेकरं तिथंच पलंगाच्या कडेला बसून बरंच रडलो. दूत आपला उभाच.

आता राहुलचं म्हणणं, मी गुडगावला त्यांच्याकडे राहायला यावं, हा फ्लॅट भाड्यानं द्यावा, कॉम्प्युटर कबाडीला. प्रीतीचंही तेच, "मम्मी, अकेले क्या करोगे यहाँ." बरोबर आहे त्यांचं. दर रविवारी दोघं येतात आणि थोडं थोडं सामान बांधतात. मी बांधू देते. त्या खोलीतलं मात्र नाही. काल राहुल जरा वैतागलाच. म्हणाला, "आई, हा माणूस किती दिवस उभा ठेवणार तू? बिजली का बिल आएगा." मला त्याचं पटलं. म्हणजे बिलाचं नाही. कोणाला इतकं उभं ठेवू नये हे मीच त्यांना सांगत आले होते.

म्हणून आज जेवणाआधी, प्रीती स्वयंपाकघरात आणि राहुल माळ्यावरची भांडी काढत असताना, मी त्या खुर्चीत बसले. निळ्या चादरीतल्या खळग्यात. माझ्या मापाचा नाही तो, विमलताई माझ्याहून रुंद होत्या. चष्मा लावला आणि दूताला म्हटलं, "नो." दाबलं. इतके दिवस उभा असलेला तो माणूस एकदम वळला आणि निघून गेला, साधा नमस्कारही न करता, आणि बासरी थांबली. घर इतकं शांत झालं की राहुल शिडीवरून म्हणाला, "आई, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. राहुलनं खाली उतरून खेळ जतन करून दिला, मला कळफलकावरची जतन करायची कळ दाखवली आणि परत शिडीवर गेला. पडद्यावर दर्यापूर. हसरी तोंडं, विहिरी, आणि लांब नदीपलीकडे त्या राजाचं सैन्य निघालेलं दिसतं आहे. चार-दोन चालींत पोचेल.

मग मी मला इतकी वर्षं जे करायचं होतं ते करायला घेतलं. भिंतीच्या चित्रावर दाबलं. बांधायच्या आधी खेळ दाखवतो की भिंत कुठून जाईल, जमिनीवर एक पिवळी रेघ उमटते. मी ती रेघ पहिल्यांदाच बघत होते, कारण विमलताईंनी माझ्यासमोर ते चित्र कधी दाबलंच नव्हतं. रेघ कोठाराभोवती गेली, बाजाराभोवती, मोठ्या घरांभोवती, आणि नदीच्या अंगाला ज्या झोपड्या आहेत त्यांच्या अलीकडून वळली. झोपड्या बाहेर. त्यांची विहीर बाहेर. मी रेघ जरा पुढं सरकवायला बघितली, सरकत नाही. परत बघितली. खेळ म्हणतो, भिंत इथूनच जाईल.

विमलताई, सांगायचं ना मग. इतकी वर्षं मी भिंत भिंत करून तुमचं डोकं खाल्लं, तुम्ही विचाराधीन आहे म्हणत राहिल्या, एकदा नुसतं म्हणायचं होतं, वहिनी, इथं येऊन ही रेघ बघा. मला दुसऱ्यांदा बघावी लागली नसती. आता तिकडून सैन्य येतं आहे, इकडे ही रेघ, आणि तुम्ही थाप मारून मोकळ्या. असं कोणी राज्य देतं का...

रेघ मी अजून पक्कीही केली नाही आणि पुसलीही नाही. झोपड्यांच्या पलीकडे नदीकाठानं दलदल आहे, तिथं काही करता येतं का ते बघते आहे. कोठारात गहू बरा आहे. प्रीतीनं दोनदा हाक मारली. आता ती दारात येऊन उभी आहे, हाताला कणीक लागलेली, आणि विचारते आहे, "मम्मी, रोटी ठंडी हो रही है. ये टॅम्प्लीज क्या होता है?"